धुराचीच गाडी हवी असेल तर...

सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न कोलकात्यातल्या बंगाली घरात फार वेळ चालत नाही. त्यांच्याकडे त्याचे तीन अक्षरी उत्तर तयार असते, 'दी-पु-दा'. दी म्हणजे दीघा, पु म्हणजे पुरी आणि दा म्हणजे दार्जिलिंग. दोन ठिकाणी समुद्र, तिसऱ्या ठिकाणी डोंगर. सॉल्ट लेकमधल्या एका मराठी बिऱ्हाडाला शेजारच्या बौदींनी हेच उत्तर दिले आणि त्यातल्या 'दा'वर त्या घरातल्या चौथीतल्या मुलाने बोट ठेवले. "तिथे टॉय ट्रेन आहे!"

घरात माणसे चार. मुलाचे वडील नोकरीनिमित्त कोलकात्यात आलेले, आई घरून शिकवण्या घेणारी, मुलगा आणि नुकतेच भुसावळहून गीतांजली एक्स्प्रेसने हावड्याला उतरलेले आजोबा. आजोबांना सगळे अण्णा म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. रेल्वेत त्यांनी क्लीनर म्हणून सुरुवात केली, मग भुसावळच्या लोको शेडमधून वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून गेले आणि पुढे विजेच्या इंजिनावर ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. उजव्या खांद्याचे दुखणे ही त्यांची फावड्याची कमाई, असे ते हसत हसत सांगतात.

सूनबाईंनी उत्साहाने कागद-पेन्सिल घेतली. न्यू जलपाईगुडीहून सकाळी निघून संध्याकाळी दार्जिलिंगला पोहोचणारी छोटी गाडी त्यांनी शोधून काढली. अंतर ८८ किलोमीटर, वेळ साधारण सात-साडेसात तास. चार तिकिटांचा हिशेबही मांडून झाला. अण्णांनी चष्मा पुसत एवढेच विचारले, "इंजिन कुठलं आहे गं?"

सूनबाईंनी चौकशी केली. इंजिन डिझेलचे होते.

"असू दे, असू दे," अण्णा म्हणाले. "डोंगर तर तोच आहे ना!" आणि ते गॅलरीत जाऊन बसले.

त्या 'असू दे'मध्ये काय होते ते सूनबाईंना कळले. भारतातल्या मोठ्या रुळांवरून वाफेचे इंजिन १९९५ साली निघून गेले. अण्णांनी त्यानंतर जिवंत इंजिनाची शिट्टी ऐकलेली नव्हती. माथेरानच्या गाडीत ते नातवाला घेऊन बसले होते, पण तिथेही १९८०च्या दशकातच डिझेल आले. त्यांच्या पिढीला वाफेचे इंजिन पाहायला आता संग्रहालयात जावे लागते आणि संग्रहालयातले इंजिन थंड असते. कागदावरची आखणी सूनबाईंनी खोडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

दार्जिलिंगला जाणारी कितीतरी कुटुंबे इथेच फसतात. 'टॉय ट्रेन' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना ठाऊक नसते. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा दिवसभराचा प्रवास ही एक गोष्ट. दार्जिलिंगहून घूमपर्यंत जाऊन परत येणारी दोन तासांची फेरी ही दुसरी. पहिलीला डिझेल इंजिन असते. दुसरीच्या दिवसातून अनेक फेऱ्या होतात, त्यातल्या काही डिझेलच्या आणि काही वाफेच्या असतात. तेव्हा तिकिटाच्या आधी घरात एकदा बसून ठरवायला हवे, आपल्याला डोंगर चढायचा आहे की धुराची गाडी अनुभवायची आहे? दोन्ही एकाच तिकिटात मिळत नाही.

दोन फुटांची करामत

या गाडीचे वेड आजचे नाही. १८७८च्या सुमारास कलकत्त्याहून सिलिगुडीपर्यंत रेल्वे पोहोचली, पण पुढचा डोंगर टांग्याने आणि बैलगाडीने चढावा लागे. वर चहाचे मळे बहरात होते. चहा खाली आणि तांदूळ वर नेण्याचा खर्च मळेवाल्यांना परवडेनासा झाला होता. ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचे एजंट फ्रँकलिन प्रेस्टेज यांनी हिल कार्ट रोड या गाडीरस्त्याच्या कडेनेच छोटे रूळ टाकण्याची योजना मांडली. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर ॲशली ईडन यांनी तिला मान्यता दिली. १८७९ मध्ये काम सुरू झाले आणि जुलै १८८१ मध्ये गाडी दार्जिलिंगला पोहोचली.

रूळ अवघे दोन फूट रुंद आहेत. आपल्या मोठ्या गाड्यांचे रूळ साडेपाच फूट रुंद असतात. रुंदी कमी म्हणून वळण लहान घेता येते, आणि वळण लहान घेता आले म्हणून बोगदे न खोदता डोंगराच्या अंगाखांद्यावरून गाडी वर नेता आली. माथेरानच्या गाडीचे रूळही एवढेच. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून माथेरानला गाडी नेली, तेव्हा दार्जिलिंगची गाडी पंचवीस वर्षांची झाली होती.

जिथे वळूनही चढता येत नाही तिथे दोन युक्त्या आहेत. एक लूप. रूळ गोल फिरून स्वतःच्याच डोक्यावरून पुढे जातात. दुसरी झिगझॅग. गाडी पुढे जाते, थांबते, उलटी मागे चढते, पुन्हा थांबते आणि पुढे निघते. अरुंद गल्लीत ट्रक वळवताना ड्रायव्हर पुढे-मागे करतो ना, तसेच, फक्त दर वेळी गाडी एक पायरी वर गेलेली असते. सध्या या मार्गावर तीन लूप आणि सहा झिगझॅग आहेत. प्रेस्टेज यांना हे मागे येण्याचे त्यांच्या पत्नीने सुचवले, अशी गोष्ट तिकडे आवडीने सांगितली जाते.

समुद्रसपाटीच्या जवळपास असलेल्या मैदानातून निघालेली गाडी घूम स्टेशनावर ७,४०७ फुटांवर पोहोचते आणि मग थोडी उतरून दार्जिलिंगला जाते. मार्क ट्वेन १८९६ मध्ये इथे आले होते. उतरताना ते काही अंतर रुळांवरच्या हातगाडीतून घसरत आले आणि तो आनंद त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवला. १९६९ च्या 'आराधना'मध्ये राजेश खन्नाच्या जीपशेजारून धावणारी गाडी हीच. १९९९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ऑस्ट्रियातल्या सेमरिंग रेल्वेनंतर हा मान मिळालेली ती जगातली दुसरी रेल्वे.

इंजिनावरची माणसे

नातवाने विचारले, "आजोबा, वाफेच्या इंजिनात एवढं काय असतं?"

अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले. "अरे, डिझेलचं इंजिन चावी दिली की सुरू होतं. वाफेच्या इंजिनाला आधी जागं करावं लागतं. कित्येक तास आधी आग पेटवायची, पाणी तापवायचं, वाफेचा दाब चढू द्यायचा. घाईने आग वाढवलीस तर धूर होतो, वाफ होत नाही. चढावर वाफ कमी पडली तर गाडी उभी राहते. मग ड्रायव्हर फायरमनकडे बघतो. ती नजर काय सांगू तुला!"

दार्जिलिंगची ही निळी इंजिने 'बी क्लास' म्हणून ओळखली जातात. त्यातली पहिली ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट कंपनीने १८८९ मध्ये बांधली. चाके चारच. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली. इंजिन लहान असले तरी त्यावर माणसे मोठ्या इंजिनापेक्षा जास्त. ड्रायव्हर आणि फायरमन तर हवेतच. शिवाय एक जण कोळशाच्या ढिगावर बसून मोठी ढेकळे फोडून देतो, कारण भट्टीचे तोंड लहान आहे. आणि अगदी पुढे, इंजिनाच्या नाकावर, दोघे जण बसतात. धुक्याने किंवा पावसाने रूळ ओले झाले की चाके जागच्या जागी फिरतात. तेव्हा हे दोघे मूठ मूठ वाळू रुळांवर टाकतात. शंभर-सव्वाशे वर्षांची ही पद्धत आहे.

अशा इंजिनाचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. तो तिनधारियाच्या कारखान्यात घडवावा लागतो. त्यामुळे वाफेची फेरी डिझेलपेक्षा महाग असते. गेल्या काही वर्षांत दोन तासांच्या फेरीला डिझेलसाठी माणशी हजाराच्या आणि वाफेसाठी दीड हजाराच्या आसपास पडत आले आहेत. चौघांचे मिळून हा आकडा मध्यमवर्गीय घराला टोचतो. सूनबाईंच्या घरातही त्यावर बोलणे झालेच. "दोन तासांचे सहा हजार? त्यात हॉटेलचा एक दिवस निघेल," मुलाचे वडील म्हणाले.

"हॉटेल तर कुठेही मिळेल," सूनबाई म्हणाल्या. "अण्णांना ते इंजिन आणखी कुठे मिळणार आहे?"

वाद तिथेच मिटला. शेवटी खर्च असा कापला की हॉटेल माल रोडवरचे न घेता स्टेशनजवळचे साधे घेतले. त्यात अण्णांची चढणही वाचली.

तीन दिवसांची आखणी

सूनबाईंनी केलेली आखणी कोणत्याही कुटुंबाला उपयोगी पडेल अशी आहे.

पहिली रात्र गाडीत. कोलकात्याहून उत्तर बंगालला जाणारी जुनी आणि सोयीची गाडी म्हणजे दार्जिलिंग मेल. ती रात्री दहाच्या सुमारास सुटते आणि सकाळी न्यू जलपाईगुडीला सोडते. ती हावड्याहून नव्हे, सियालदाहून सुटते, हे महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी विसरू नये. मुंबई, नागपूर, पुण्याकडच्या गाड्या बहुधा हावड्याला येतात आणि दोन्ही स्टेशनांच्या मध्ये हुगळी नदी आणि कोलकात्याची रहदारी आहे. पूर्वी या अंतरासाठी टॅक्सीत तासभर हाताशी ठेवावा लागे. ऑगस्ट २०२५ पासून हावडा ते सियालदा थेट मेट्रो झाली आहे. ती नदीच्या खालून जाते, त्यामुळे मुलांची एक गंमत इथेच होऊन जाते. दिवसा जायचे असेल तर हावडा ते न्यू जलपाईगुडी वंदे भारत एक्स्प्रेस आहे. ती डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यू जलपाईगुडीहून जीप. तीन ते चार तासांचा रस्ता. कर्सियांगनंतर रस्ता आणि रूळ एकमेकांना सोडत नाहीत. दुकानांच्या पायऱ्यांना खेटून, घरांच्या खिडक्यांखालून रूळ जातात. छोटी गाडी आली तर जीपमधूनही ती मनसोक्त पाहता येते. ज्यांना सगळे लूप आणि झिगझॅग अनुभवायचे आहेत आणि ज्यांच्यासोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस नाही, त्यांनी वर जाताना दिवसभराची डिझेल गाडी जरूर घ्यावी. मात्र सात तास छोट्या डब्यात बसण्याची तयारी हवी.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाफेची फेरी. इथे मुलाचे वडील आणि सूनबाई यांचे मतभेद झाले होते. "दुपारी पोहोचलो की लगेच बसू, एक दिवस वाचेल," असे त्यांचे म्हणणे. सूनबाईंनी ऐकले नाही. डोंगरात घड्याळ आपले नसते. पावसात दरड कोसळते, रस्त्यावर गाड्या खोळंबतात. शिवाय कोलकात्याच्या सपाटीवरून एका दिवसात सात हजार फूट चढल्यावर वयस्कर माणसाला एक रात्र विश्रांती लागतेच.

चौथा दिवस राखीव. धुके, पाऊस किंवा कोणाचे डोके दुखणे यासाठी. काहीच झाले नाही तर सकाळी कांचनजंगा पाहावे, चहा घ्यावा आणि दुपारपूर्वी जीपने उतरून रात्रीची गाडी पकडावी.

तिकिटांचे एक पथ्य आहे. दार्जिलिंगच्या फेरीचे तिकीट रेल्वेच्या नेहमीच्या आरक्षणातूनच निघते, पण गाडीच्या नावासमोर वाफ लिहिले आहे की डिझेल, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. दुर्गापूजेच्या सुट्टीत अख्खे कोलकाता डोंगरावर जाते, तेव्हा त्या दिवसांत जायचेच असेल तर पहिल्याच दिवशी तिकीट काढावे. नाहीतर पूजा आटोपल्यानंतरचे दिवस निवडावेत. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत आकाश स्वच्छ असते आणि ८,५८६ मीटर उंचीचे कांचनजंगा दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. जून ते सप्टेंबर मात्र टाळावे. २०१० च्या दरडींनी खालचा मार्ग असा तुटला की पूर्ण प्रवास पुन्हा सुरू व्हायला पाच वर्षे गेली. माथेरानचे रूळ २०१९ च्या पावसात वाहून गेले होते आणि नेरळची गाडी २०२२ मध्येच पुन्हा धावली, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.

दोन तासांत काय दिसते?

दार्जिलिंगहून निघालेली गाडी बाजारातून शिट्टी वाजवत जाते आणि बतासिया लूपवर थांबते. १९१९ मध्ये बांधलेल्या या लूपच्या मधोमध बाग आणि गोरखा जवानांचे स्मारक आहे. समोर हिमशिखरे. दहा मिनिटे मिळतात. पुढे घूम. इथे अर्धा तास थांबा आणि छोटे संग्रहालय. 'बेबी सिवोक' नावाचे चिमुकले जुने इंजिन इथे जपून ठेवले आहे. मग परत.

सोबत नेण्याच्या वस्तू थोड्याच आहेत. स्वेटर आणि कानटोपी. डोळ्यांना चष्मा, कारण कोळशाची कणी उडते. आणि अंगावर पांढरे कपडे नकोत.

या गाडीवर डोंगरातल्या प्रत्येक वादळाचा घाव बसतो. २०१७च्या आंदोलनात सोनादा आणि गयाबारी ही स्टेशने जळाली. रुळांलगत बांधकामे वाढतात, कचरा पडतो. वारशाच्या यादीत नाव आले म्हणजे गाडी वाचली, असे होत नाही. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात समुद्रकाठाने अवघ्या १५ इंची रुळांवरून वाफेची छोटी गाडी १९२७पासून आजही धावते, ती मुख्यतः तिच्यात बसायला येणाऱ्या कुटुंबांच्या तिकिटांवर आणि हौशी माणसांच्या श्रमांवर. दार्जिलिंगच्या वाफेच्या तिकिटाकडेही तसेच पाहायला हवे. ते तिकीट घेणारे कमी झाले तर तिनधारियात सुटे भाग कोणासाठी घडवायचे?

आणि अण्णा?

सूनबाईंचा राखीव वेळ कामी आला. पहिल्या दिवशी रस्त्यावर ट्रक अडकला आणि जीप अंधार पडल्यावर दार्जिलिंगला पोहोचली. दुपारचे तिकीट असते तर ते वायाच गेले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अण्णा स्टेशनावर हजर. गाडीला अजून अवकाश होता. निळे इंजिन बाजूला वाफ सोडत उभे होते. एक तरुण कोळसा फोडत होता.

अण्णा थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग जवळ गेले. हिंदीत काहीतरी बोलले. फायरमनने हसून त्यांच्याकडे पाहिले आणि भट्टीचे दार क्षणभर उघडून दाखवले. लाल उजेड अण्णांच्या तोंडावर पडला.

"आग बरोबर आहे," अण्णा परत येऊन सूनबाईंना म्हणाले. "चारी कोपऱ्यांत सारखी पसरलीय. पोरगा शिकलेला आहे."

"आजोबा, आत चला ना, खिडकी मिळेल," नातू हात ओढत होता.

"चल," अण्णा म्हणाले. "पण पहिल्या डब्यात बसू. आवाज तिथेच नीट येतो."